टोपीचा रंग बदलला आणि डोस अडीचपट झाला

२५ जूनच्या पहाटे पावणेचारला तात्यांना जीपमधून उतरवलं तेव्हा त्यांची बंडी घामाने चिंब होती आणि ते हाकेला ओ देत नव्हते. वय ६१, मधुमेह चौदा वर्षांचा, त्यातली शेवटची चार वर्षं इन्सुलिनवर. गाव कराडपासून तासाभराच्या अंतरावरचं. ग्लुकोमीटरवर रक्तातल्या साखरेचा आकडा आला ३४, म्हणजे जीवघेणा कमी. सिस्टरांनी शीर धरली आणि २५ टक्के डेक्स्ट्रोजची, म्हणजे ग्लुकोजची, १०० मिलीची बाटली लावली. वीसेक मिनिटांत तात्यांनी डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "धार काढली का?" तेव्हा कुठे काकू भिंतीला टेकून खाली बसल्या.

त्या रात्री दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीत ड्युटीवर मी होते. हे प्रकरण लिहून काढायचं मी तेव्हाच ठरवलं होतं, कारण यात कुणाचंही औषध चुकलं नव्हतं, कुणी चिठ्ठी चुकीची वाचली नव्हती आणि तात्यांनी एकही डोस चुकवला नव्हता. तरीही एक माणूस मरता मरता वाचला. गाव आणि नावं सांगत नाही. आकडे मात्र सगळे सांगते, कारण प्रकरण आकड्यांचंच आहे.

तात्या ३०/७० इन्सुलिन घेत होते. म्हणजे १०० युनिटमागे ३० युनिट लवकर काम करणारं आणि ७० युनिट सावकाश, लांबपर्यंत चालणारं. हे सावकाश चालणारं इन्सुलिन अंगात असेपर्यंत साखर पुन्हा कोसळू शकते, म्हणून डॉक्टरांनी नंतर १० टक्के डेक्स्ट्रोजचं सलाईन चालू ठेवलं आणि दुपारपर्यंत दर तासाला साखर बघायला सांगितलं. फाइलमध्ये शेवटची चिठ्ठी २ जूनची होती: सकाळी ३८ युनिट, संध्याकाळी २६ युनिट. तात्यांनी आदल्या संध्याकाळी साडेसातला बरोबर २६ घेतले होते. त्यानंतर दोन भाकरी, आमटी, भात. उपाशी नव्हते, दारू घेत नव्हते, नवी गोळी कुठलीही नव्हती. मूत्रपिंड थकलं की इन्सुलिन शरीरातून लवकर बाहेर जात नाही आणि नेहमीचाच डोस जास्त होतो, म्हणून डॉक्टरांनी मूत्रपिंडाची रक्ततपासणी, क्रिएटिनीन, केलं. ते १.१ आलं. ठीकच होतं.

मग तीन आठवडे ज्या डोसवर साखर १८०-२०० च्या खाली यायला तयार नव्हती, त्याच डोसवर ती एका रात्रीत ३४ कशी झाली?

सकाळी तात्यांचा मुलगा घरून पिशवी घेऊन आला. त्यात इन्सुलिनची चालू बाटली, फाइल, बिलांची चळत आणि सिरिंजांचं एक फोडलेलं पाकीट होतं. बाटली मी उजेडात धरली. १० मिलीच्या बाटलीत साधारण साडेतीन मिली उरलं होतं. खाली बिल होतं १५ जूनचं, आमच्याच काउंटरचं.

इथे मला पहिल्यांदा खटकलं. बाटलीवर ४० आययू (म्हणजे युनिट) प्रति मिली छापलेलं, म्हणजे १० मिलीत ४०० युनिट. दिवसाला ३८ आणि २६ मिळून ६४. ४०० भागिले ६४ म्हणजे सव्वासहा दिवस. १५ तारखेच्या संध्याकाळी उघडलेली बाटली २१ किंवा २२ जूनला रिकामी व्हायला हवी होती. २५ तारखेला तिच्यात १४० युनिट शिल्लक असतील तर एकतर तात्या इंजेक्शनं चुकवत होते, किंवा प्रत्येक वेळी ते समजत होते त्यापेक्षा कमी भरत होते.

काकूंना विचारलं. इंजेक्शन त्याच भरतात. त्या दुखावल्याच. "आवं, डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच भरलं की. एक रेघ इकडंतिकडं न्हाई." आणि ते खरं होतं.

मग मी बिलं तारखेवार मांडली. मार्चमध्ये चिठ्ठी होती सकाळी २०, संध्याकाळी १२, म्हणजे दिवसाला ३२. या हिशेबाने बाटली साडेबारा दिवस पुरते. बिलं होती ४ मार्च, १६ मार्च, २८ मार्च, ९ एप्रिल. बारा-बारा दिवसांची, घड्याळासारखी. त्यानंतरचं बिल थेट १० मेचं. डोस तोच, आणि बाटली चालली ३१ दिवस. मग ३० मे, म्हणजे २० दिवस, आणि मग १५ जून.

३१ भागिले १२.५ किती होतात ते कागदावर मांडलं. जवळजवळ अडीच. इन्सुलिनच्या धंद्यात हा आकडा दिसला की पुढचं शोधायला लागत नाही. १०० भागिले ४०.

"एप्रिलमध्ये सिरिंज बदलली होती का?" मी मुलाला विचारलं. तो म्हणाला, हो. तो पुण्याला कामाला आहे. वडिलांना सुई टोचते म्हणून तिकडच्या दुकानातून "इन्सुलिनची, बारीक सुईची" सिरिंज मागून घेतली आणि पाकिटं गावी आणून दिली. टोपी केशरी. ती २४ जूनला दुपारी संपली. मग काकूंनी गावातल्या मेडिकलमधून पाकीट आणवलं. टोपी लाल. त्या संध्याकाळचं इंजेक्शन लाल टोपीच्या सिरिंजने भरलेलं पहिलं.

आता हिशेब नीट मांडते, कारण इथेच सगळं आहे.

आपल्याकडे इन्सुलिन दोन तीव्रतांचं सर्रास मिळतं. बाटलीतलं मानवी इन्सुलिन बहुधा ४० आययू प्रति मिली, म्हणजे यू-४०. पेनात घालायची ३ मिलीची काडतुसं आणि नव्या प्रकारच्या बऱ्याच इन्सुलिनच्या बाटल्या १०० आययू प्रति मिली, म्हणजे यू-१००. सिरिंजही त्याप्रमाणे दोन. लाल टोपीच्या सिरिंजवर एका मिलीत ४० खुणा, म्हणजे एक युनिट ०.०२५ मिलीचं. केशरी टोपीच्या सिरिंजवर एक मिली १०० ला येतो, म्हणजे एक युनिट ०.०१ मिलीचं. सिरिंजवर "युनिट" असं छापलेलं असतं खरं, पण सिरिंजला युनिट कळत नाही. ती फक्त मिलीलीटर मोजते आणि तिने जी बाटली गृहीत धरली आहे तिच्या तीव्रतेने गुणून आकडा दाखवते. बाटली दुसरीच असली तर आकडा खोटा.

म्हणून खरे युनिट काढायचे असतील तर सिरिंजवरचा आकडा बाटलीच्या तीव्रतेने गुणायचा आणि सिरिंजच्या तीव्रतेने भागायचा. काकूंनी एप्रिलमध्ये केशरी सिरिंजवर २० पर्यंत भरलं. २० गुणिले ४० भागिले १००, म्हणजे ८ युनिट. संध्याकाळचे १२ म्हणजे ४.८. दिवसाला ३२ ऐवजी १२.८ युनिट अंगात जात होतं, आणि ४०० भागिले १२.८ म्हणजे सव्वाएकतीस दिवस. बाटलीने प्रत्येक थेंबाचा हिशेब दिला होता. तो वाचायला कुणी बसलं नव्हतं, आम्हीसुद्धा.

साखर चढली. ८ मेला उपाशीपोटी २८६. त्या वेळी सगळ्यांचा संशय औषधावर गेला आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. एप्रिल-मेचा उन्हाळा, गावात लाइट जाते, फ्रिज कधी थंड तर कधी कोमट. बाटली महिनाभर उघडी, आणि उघडल्यावर ती साधारण चार आठवड्यांच्या आत संपवावी असं आम्हीच सांगतो. "औषधाची पावर गेली असंल," असं काकू म्हणाल्या आणि डॉक्टरांनाही ते पटलं. १० मेला नवी बाटली घेतली, डोस ३० आणि २० केला.

मला या टप्प्यावर थोडं थांबावंसं वाटतं, कारण पोटन्सी आणि तीव्रता या दोन गोष्टी इथे एकमेकींत मिसळल्या. तीव्रता म्हणजे एका मिलीत किती औषध आहे. पोटन्सी म्हणजे त्या औषधात काम करण्याचा जोर किती आहे. इन्सुलिन आपण मिलीग्रॅममध्ये न मोजता युनिटमध्ये मोजतो, त्याचं मूळ याच जोरात आहे. १९२१-२२ मध्ये टोरांटोला बँटिंग, बेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वादुपिंडातून इन्सुलिन काढलं, तेव्हा प्रत्येक खेपेचा अर्क वेगळा निघायचा. एका मिलीग्रॅममध्ये काम करणारं इन्सुलिन किती आणि गाळ किती, हे वजनावरून कळायला मार्गच नव्हता. म्हणून उपाशी ठेवलेल्या दोन किलोच्या सशाची साखर किती उतरते त्यावरून मोजायला सुरुवात झाली. वजनाऐवजी परिणाम मोजला. १९२० च्या दशकातल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय प्रमाण नमुन्यात एका मिलीग्रॅमला ८ युनिट धरले होते. आजच्या शुद्ध मानवी इन्सुलिनमध्ये एक युनिट ०.०३४७ मिलीग्रॅमचं, म्हणजे मिलीग्रॅमला जवळपास २९ युनिट. तात्यांच्या डोसाची २० युनिटं म्हणजे एका मिलीग्रॅमपेक्षाही कमी पदार्थ. इतक्या बारीक गोष्टीत अडीचपटीची चूक डोळ्यांना दिसणार नाही, ती फक्त हिशेबात दिसते.

औषधाची पोटन्सी उतरली असती तर नवी बाटली आणल्यावर साखर खाली यायला हवी होती. १० मेच्या नव्या बाटलीनंतरही ती तशीच राहिली. त्या दिवशीच उन्हाचा मुद्दा निकालात निघाला होता. पण तो तसा निघाला हे कुणी म्हटलं नाही, आणि २ जूनला डोस ३८ आणि २६ झाला. कागदावर डोस दुप्पट झाला होता. अंगात जात होतं १५.२ आणि १०.४, म्हणजे मार्चच्या २० आणि १२ पेक्षा अजूनही कमी. डॉक्टर सिरिंजच्या चुकीला औषध देत होते आणि साखर त्यांना तसंच उत्तर देत होती.

२४ जूनच्या संध्याकाळी लाल टोपीची सिरिंज आली. ती बरोबर सिरिंज होती. त्या दिवशी पहिल्यांदा २६ म्हणजे खरोखरच २६ झाले. आदल्या दिवसापर्यंत १०.४ वर असलेल्या शरीराला अडीचपट इन्सुलिन मिळालं, त्यातलं १८ युनिटांहून जास्त रात्रभर चालणारं.

काकूंना हे समजावताना मी दोन्ही सिरिंजा त्यांच्यासमोर भरल्या. लाल सिरिंजमध्ये २० पर्यंत पाणी ओढलं, दट्ट्या निम्म्यावर आला. केशरीमध्ये २० पर्यंत ओढलं, दट्ट्या पाचव्या हिश्श्यावर. दोन्ही शेजारी ठेवल्या. काकू बराच वेळ बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "एप्रिलात मला वाटलंच हुतं, कमी भरतंय म्हून. पोरगं म्हनालं, नवी सिरिंज बारीक असती. आन् आकडा तर त्योच हुता."

ते वाक्य मी विसरू शकत नाही. त्यांच्या डोळ्यांनी मिलीलीटर बरोबर पकडला होता. शंका त्यांना पहिल्या दिवशीच आली होती. पण आम्ही सगळ्यांनी, डॉक्टरांनी, सिस्टरांनी, मी, त्यांना चार वर्षं एकच शिकवलं होतं: आकडा बघा. म्हणून त्यांनी डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही, आकड्यावर ठेवला.

खुणा आणि युनिट यांचा हा गोंधळ नवा नाही. ब्रिटनमध्ये एके काळी इन्सुलिन २०, ४० आणि ८० या तीव्रतांचं मिळायचं आणि सिरिंजवर मात्र एका मिलीत २० खुणा असायच्या. एक खूण म्हणजे कधी एक युनिट, कधी दोन, कधी चार. रुग्ण "खुणा" सांगायचा आणि डॉक्टर "युनिट" समजायचे. अखेर १९८३ मध्ये तिथे सगळं इन्सुलिन यू-१०० वर आणलं. अमेरिकेत हे त्याआधीच, १९७० च्या दशकात सुरू झालं होतं. आपल्याकडे दोन्ही शेजारी शेजारी चालू आहेत, एकाच दुकानात, एकाच कपाटात, कधी एकाच घरात, कारण सासूबाई बाटलीवर आणि सून पेनावर. आपल्याकडेही एकच तीव्रता असावी असं माझं स्पष्ट मत आहे. ते होईपर्यंत सगळा भार काउंटरवरच्या माणसावर आहे आणि तो त्याने उचललाच पाहिजे.

या प्रकरणाची उलटी बाजूही आम्हाला दिसते, आणि ती जास्त वेगाने जीव घेऊ शकते. बाटली संपली, दुकानात नाही, म्हणून कुणीतरी पेनाचं काडतूस देतं आणि सांगतं, सिरिंजने ओढून घ्या. काडतुसात १०० आययू प्रति मिली, हातात लाल सिरिंज. २० पर्यंत भरलं की अर्धा मिली आला, म्हणजे ५० युनिट. इथे पहिल्याच दिवशी अडीचपट. म्हणून काडतुसातून सिरिंजने इन्सुलिन काढायचं नाही, हे मी प्रत्येकाला सांगते, घाईत असले तरी.

आणखी एक सल्ला सर्रास ऐकू येतो: केशरीच सिरिंज असेल तर आकडा अडीचने गुणा. २० युनिटांसाठी ५० पर्यंत भरा. गणित बरोबर आहे. २० भागिले ४० म्हणजे अर्धा मिली, आणि केशरी सिरिंजवर अर्धा मिली ५० ला येतो. तरीही मी हे रुग्णाला शिकवत नाही. एकदा "५० भरायचे" हे डोक्यात बसलं की कुणीतरी कधीतरी ते ५० दुसऱ्या बाटलीतून किंवा दुसऱ्या सिरिंजने भरणारच. डॉक्टरांच्या फाइलमध्येही "५०" शिरतो आणि पुढचे सगळे निर्णय त्यावर होतात. तात्यांच्या बाबतीत नेमकं तेच झालं होतं, फक्त नकळत. गुणाकार करण्यापेक्षा दहा रुपयांची बरोबर सिरिंज शोधून देणं हे माझं काम आहे.

आमच्याकडून काय राहिलं होतं? बाटली आम्हीच विकत होतो. बारा दिवसांचं गिऱ्हाईक एकतीस दिवसांनी आलं तेव्हा मी किंवा माझ्या जोडीदाराने एक भागाकार केला असता तरी पुरलं असतं. बिल करताना समोर मागची तारीख दिसत होती. त्या दिवशी आम्ही "इतके दिवस कशी पुरली हो?" एवढं विचारलं असतं तर काकूंनी एप्रिलमध्ये मनात आलेली शंका नक्की बोलून दाखवली असती. याची बोच मला आहे आणि ती असायलाच हवी.

त्यानंतर आम्ही काउंटरवर काही गोष्टी बदलल्या. इन्सुलिनच्या बिलावर तीव्रता लिहितो, सिरिंज कोणती ते लिहितो, आणि एकूण युनिट भागिले रोजचे युनिट करून बाटली कुठल्या तारखेला संपायला हवी ते खोक्यावर मार्करने टाकतो. तारखेच्या तीन-चार दिवस आधी किंवा नंतर माणूस आला की सिरिंज दाखवायला सांगतो. "टोपीचा रंग कोणता" असं नुसतं विचारत नाही, कारण मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना बल्बच्या उजेडात लाल आणि केशरी सारखेच दिसतात, आणि टोपी तर पहिल्या वापरानंतर कुठेतरी हरवलेली असते. नळीवर छापलेलं ४० किंवा १०० मी स्वतः वाचते. डॉक्टरांनीही आपल्या खोलीत दोन्ही सिरिंजा ठेवल्या आहेत. साखर कारणाशिवाय चढली तर डोस वाढवण्याआधी रुग्णाला त्यांच्यासमोर भरून दाखवायला सांगतात. या कामाला दोन मिनिटं लागतात.

तात्यांची साखर २५ च्या दुपारनंतर स्थिर झाली. जुनी बाटली आम्ही घरी परत दिली नाही, वापरलेल्या सुया तिच्यात अनेकदा गेल्या होत्या. २७ जूनच्या सकाळपासून नव्या बाटलीतून, लाल सिरिंजने, डॉक्टरांनी मुद्दाम थोडा खाली, १८ आणि १० असा डोस सुरू केला. दिवसाला २८, म्हणजे चौदा दिवस. खोक्यावर मी ११ जुलै टाकला. ११ ला सकाळी मुलगा बाटली न्यायला आला. उपाशीपोटी साखर १४८ होती, म्हणून डोस पुन्हा मार्चचाच, २० आणि १२. दिवसाला ३२. या वेळी खोक्यावर तारीख काकूंनी स्वतःच टाकायची, असं आमचं ठरलं. त्यांनी बोटांवर हिशेब केला, मुलाकडून मोबाइलवर ताडून घेतला आणि घरी जाऊन भिंतीवरच्या कॅलेंडरात २३ जुलैच्या चौकोनात खूण केली.

२२ ला रात्री आठला त्यांचा फोन आला. "बाई, उद्याचं सकाळचं वीस काय भरत न्हाईत. बाटली संपली बगा. पोराला धाडू का?"